जहाजावर प्रवाशाला इजा झाली तर: दावा कोणावर, कुठे आणि किती दिवसांत

रस्त्यावर अपघात झाला की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, हे आता गावोगावी माहीत आहे. पाण्यावरच्या प्रवाशासाठी भारतात असं एकच दार नाही. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, युरोपातलं क्रूझ आणि मायामीहून निघणारं क्रूझ या चारही ठिकाणी पाय घसरून तेच हाड मोडलं, तरी दावा लावायची जागा, मुदत आणि मिळू शकणारी कमाल रक्कम दर वेळी वेगळी असते. असे दावे बुडतात ते बहुधा दोनच कारणांनी: मुदत उलटून गेलेली असते, किंवा नोटीस भलत्याच नावावर गेलेली असते. जहाजवाल्याची चूक होती की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणून आधी पुरावा, मग तिकीट, मग कायदा, या क्रमाने जाऊ.

पहिला दिवस

मोठ्या जहाजावर दवाखाना असतो. इजा किरकोळ वाटली तरी तिथे जाऊन नोंद करून घ्या. पाठीचं आणि डोक्याचं दुखणं दोन दिवसांनी वर येतं, आणि मधल्या दोन दिवसांचा कागद नसला की कंपनी म्हणते, हे घरी गेल्यावर झालं. जहाजावरच्या उपचाराचं बिल तुमच्या खात्यावर टाकलं जातं. ते भरा, पण तपासणीचे कागद आणि एक्स-रेची प्रत मागून घ्या.

त्यानंतर सुरक्षा विभाग किंवा स्वागत कक्ष तुमच्याकडून अपघाताचा फॉर्म भरून घेईल. काय झालं, कुठे, किती वाजता, एवढं नेमकं लिहा. अशा फॉर्मवर ‘हा अपघात तुम्हाला टाळता आला असता का’ किंवा ‘पायात काय होतं’ असे रकाने असू शकतात. दुखत असताना, संकोचापोटी माणूस ‘माझंच लक्ष नव्हतं’ असं लिहून जातो, आणि दोन वर्षांनी तेच वाक्य न्यायालयात समोर येतं. ज्याचं उत्तर माहीत नाही तो रकाना कोरा सोडा. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढल्याशिवाय तो हातातून देऊ नका.

फोटो दोन अंतरांवरून घ्या. एक लांबून, ज्यात डेकचा क्रमांक, जिना, दिवे आणि धोक्याची पाटी (किंवा ती नसणं) दिसेल. एक जवळून, ज्यात सांडलेलं पाणी, उखडलेली पट्टी, झिजलेली पायरी दिसेल. शेजारी पेन किंवा कार्ड ठेवलं तर माप कळतं. पायातले बूट धुऊ नका, पिशवीत घालून तसेच ठेवा. तळ गुळगुळीत होता असा मुद्दा निघाला तर तेच उत्तर.

सीसीटीव्हीचं चित्रीकरण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा: ‘अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक डेकवर झालेल्या अपघाताचं चित्रीकरण, सफाईची नोंदवही आणि त्या जागेच्या आधीच्या तक्रारींच्या नोंदी जपून ठेवाव्यात.’ अशी लेखी मागणी आल्यावर चित्रीकरण गायब झालं तर त्याचा जाब कंपनीला द्यावा लागतो. मागणीच नसेल तर ‘नेहमीप्रमाणे पुसलं गेलं’ हे उत्तर चालून जातं.

छोट्या लाँचवर फॉर्म नसतो आणि दवाखानाही नसतो. इथे पोलिसांतली नोंद हाच पहिला कागद. धक्क्यावर उतरल्यावर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सागरी पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेतली तीन कलमं इथे उपयोगी पडतात: हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर १०६, बेदरकारपणे नौका चालवली तर २८२, आणि असुरक्षित किंवा जास्त भार घातलेल्या नौकेतून भाडं घेऊन माणसं नेली तर २८४. शेवटचं कलम फारसं कोणाला आठवत नाही, म्हणून तक्रारीत स्वतःहून लिहावं. रुग्णालयात ‘लाँचवर झालेला अपघात’ असं स्पष्ट सांगून पोलीस केस म्हणून नोंद करायला लावा. ‘घरी पडलो’ असं लिहिलेला केसपेपर नंतर दुरुस्त होत नाही.

गेटवेवर गर्दीच्या वेळी लाँच एकीला एक लागून उभ्या असतात आणि दुसऱ्या लाँचवरून पलीकडच्या लाँचमध्ये जावं लागतं. चढ-उतार करताना लाटेने दोन्ही लाँच एकमेकींपासून हलतात आणि पाय मध्ये अडकतो. अशा वेळी दोन्ही लाँचची नावं आणि नोंदणी क्रमांक टिपून घ्या, भरती होती की ओहोटी आणि हात द्यायला खलाशी उभा होता का, तेही लिहा. सहप्रवाशांचे फोन क्रमांक लगेच घ्या. धक्क्यावरून माणसं पांगली की साक्षीदार मिळत नाही.

तिकिटावर कोणाचं नाव आहे

जाहिरातीत असतो तो ब्रँड. दावा लागतो तो ‘वाहक’ म्हणून तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेल्या कंपनीवर, आणि ती बऱ्याचदा बहामा, पनामा किंवा लायबेरियात नोंदलेली असते. जहाजाचा नोंदणीकृत मालक तिसराच असू शकतो. या तिघांची नावं वेगवेगळी लिहून काढा.

जहाज ओळखायचं ते आयएमओ क्रमांकावरून. ‘आयएमओ’ या अक्षरांपुढचे सात आकडे जहाजाच्या बाहेरच्या अंगावर कायमचे कोरलेले असतात. जहाजाचं नाव बदललं, ध्वज बदलला, मालक बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (म्हणजेच आयएमओच्या) संकेतस्थळावर मोफत खातं उघडून त्या क्रमांकावरून नोंदणीकृत मालकाचं नाव काढता येतं.

पॅकेज पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या सहल कंपनीकडून घेतलं असेल तर तिची पावती, कार्यक्रमपत्रिका आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी जपा. ती कंपनी ‘आम्ही फक्त एजंट’ म्हणेलच. पण पैसे तिच्या खात्यात गेले असतील आणि सगळी सहल तिच्याच नावाने विकली असेल, तर इथल्या ग्राहक आयोगात तिला प्रतिवादी करता येतं. मात्र इथे तक्रार केली म्हणून परदेशातली मुदत थांबत नाही. ती तिकडे चालूच असते.

भारतातली लाँच, रो-रो, नदीतली बोट

सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे. मागायचं असं: नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र, अपघाताच्या दिवशी लागू असलेलं सर्व्हे (नौकेच्या तपासणीचं) प्रमाणपत्र, मंजूर प्रवासी संख्या, लाइफ जॅकेट आणि लाइफ बॉय (तरंगती कडी) किती असायला हवे होते, सारंगाचा (नौका चालवणाऱ्याचा) आणि इंजिन ड्रायव्हरचा परवाना, विम्याची प्रत, आणि झालेल्या चौकशीचा अहवाल. ‘सगळी माहिती द्या’ असा मोघम अर्ज केला तर उत्तरही मोघम येतं.

नोंदणी प्रमाणपत्र आधी हवं याचं कारण आहे. नौका अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ खाली नोंदलेली आहे की समुद्रात जाणारं जहाज म्हणून, यावर पुढचा रस्ता ठरतो. २०२१ च्या कायद्याने विमा बंधनकारक केला आहे, म्हणून विमा कंपनीचं नाव मिळवून तिलाही नोटीस द्यावी. दुसरीकडे, जहाज अटकवून ठेवण्याची सोय देणारा २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा अंतर्देशीय नौकांना लागू नाही. केंद्राने तशी अधिसूचना काढली तरच होतो.

आता दावा. साध्या प्रवाशाला सगळ्यात जवळचं दार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तक्रार कोणत्या आयोगात जाणार हे तिकिटाला किती पैसे मोजले यावर ठरतं. नुकसानभरपाई किती मागितली याचा त्याच्याशी संबंध नाही. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे दोन-अडीचशे रुपयांच्या तिकिटावर ५० लाखांहून जास्त भरपाई मागितली तरी तक्रार जिल्हा आयोगातच, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. शिवाय तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. कोल्हापूरच्या कुटुंबाला गेटवेवरच्या अपघातासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. मृत्यू झाला असेल तर वारस तक्रार करू शकतात. ऑफिसच्या सहलीचे पैसे कंपनीने भरले असले तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहकच. प्रतिवादीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगाला मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. पंचेचाळीस दिवस मोजा आणि सेहेचाळिसाव्या दिवशी आलेल्या उत्तरावर हरकत घ्या.

गोव्याच्या फेरीबोटीत पायी प्रवासी फुकट जातात. फुकटची सेवा या कायद्याबाहेर आहे. पण काहींकडून पैसे घेऊन बाकीच्यांना तीच सेवा मोफत दिली तर मोफतवालेही ग्राहक ठरतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रुग्णालयांच्या संदर्भात म्हटलं आहे. गाडीवाल्यांकडून भाडं घेणाऱ्या फेरीबोटीबाबत हा युक्तिवाद करता येतो. मात्र त्यावर भिस्त ठेवून दिवाणी दाव्याची मुदत घालवू नका.

‘प्रवाशांनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करावा’ ही पाटी आणि तिकिटामागची तशीच ओळ पाहून लोक दावाच सोडून देतात. पाटी लावल्याने हलगर्जीपणाची जबाबदारी धुऊन जात नाही. ही अटच अन्याय्य करार म्हणून रद्द करून हवी असेल तर मात्र एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. भरपाईच हवी असेल तर जिल्हा आयोगापुढे मुद्दा सेवेतल्या त्रुटीचाच ठेवावा.

त्रुटी कशी दाखवायची? सर्व्हे प्रमाणपत्रावरची मंजूर संख्या आणि त्या फेरीत कापलेली तिकिटं समोरासमोर ठेवा. लाइफ जॅकेट होते, पण बाकाखाली दोरीने बांधून ठेवलेले होते का? मुलांच्या मापाचे होते का? सारंगाच्या हातात चाक होतं की खलाशाच्या? जी गोष्ट फक्त मालकालाच माहीत असू शकते ती सिद्ध करायचा भार त्याच्यावर, हे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १०९ सांगतं. मोबाइलवरचे फोटो आणि व्हिडिओ देताना त्याच कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, आणि मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीला फारशी किंमत राहत नाही.

तुमची चूकही मोजली जाते. जॅकेट घालायला सांगूनही नाकारलं, कठड्यावर बसून सेल्फी काढत होता, रो-रोवर गाडीच्या डेकवर थांबू नका सांगूनही गाडीतच बसून राहिलात, तर भरपाईतून तेवढा हिस्सा वजा होऊ शकतो. दावा पूर्ण फेटाळला जाईलच असं नाही, म्हणून ही गोष्ट लपवू नका. उलटतपासणीत ती निघतेच.

दुसऱ्या नौकेची धडक बसली तर दारं दोन होतात. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. अशा अपघातात लाँचवाल्याशी तुमचं नातं तिकिटाचं, म्हणजे ग्राहकाचं. नौदलाशी तसं नातं नाही. तिथे भारत सरकारवर हलगर्जीपणाचा दिवाणी दावा लावावा लागतो आणि त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. युद्धनौका ॲडमिरल्टी कायद्याखाली अटकवता येत नाही. त्या अपघातानंतर राज्याने ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाखांची मदत मृतांच्या कुटुंबांना जाहीर झाली होती. ही सानुग्रह मदत आहे. ती घेतल्याने भरपाईचा हक्क संपत नाही. मात्र पैसे देताना कोणी ‘यापुढे काही मागणी नाही’ असा कागद पुढे केला तर त्यावर सही करू नका.

मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात जायचं तर १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा लागतो. त्यात पती, पत्नी, आई-वडील आणि मुलं यांच्यासाठीच भरपाई मिळते. भाऊ-बहीण त्यात बसत नाहीत. मुदत मृत्यूपासून २ वर्षं.

आकडा कसा काढायचा

‘५० लाख द्यावेत’ असं नुसतं लिहिलेली तक्रार कच्ची असते. ग्राहक आयोगावर मोटार अपघातांच्या सूत्राचं बंधन नाही, पण हिशेब मांडून दिला की त्यावर बोलणं सोपं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांतून आलेलं सूत्र असं चालतं.

समजा ३८ वर्षांचा दुकानदार गेला. महिन्याची कमाई ३०,००० रुपये, मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वर्षाचे ३,६०,०००. स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० च्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून ५,०४,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा: ३,७८,०००. ३६ ते ४० वयाला गुणक १५. एकूण ५६,७०,०००. त्यावर अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंच्या ठरावीक रकमा.

इथे सगळा खेळ कमाईच्या पुराव्याचा. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँक खातं, जीएसटीचे कागद, दुकानाचा परवाना. विवरणपत्रात कमी उत्पन्न दाखवलेलं असेल तर तोच आकडा धरला जाण्याची शक्यता जास्त, मग शेजारी कितीही साक्षी देवोत. इजेच्या प्रकरणात सिव्हिल सर्जनचं अपंगत्व प्रमाणपत्र लागतं. आणि अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईतल्या घटीचे टक्के नव्हेत: बोट गेलेल्या शिंप्याची आणि बोट गेलेल्या शिक्षकाची घट वेगळी असते, हे तक्रारीत लिहून द्यावं लागतं.

जहाजवाल्याची कमाल मर्यादा

समुद्रात जाणाऱ्या जहाजाचा मालक मोठ्या दुर्घटनेनंतर न्यायालयात जाऊन एकूण जबाबदारीला कमाल मर्यादा लावून घेऊ शकतो. १९७६ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा १९९६ चा प्रोटोकॉल भारताने स्वीकारला आहे. हिशेब एसडीआरमध्ये होतो. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक, त्याचा दर रोज जाहीर होतो. इथे सोयीसाठी एक एसडीआर १२० रुपये धरू.

प्रवाशांच्या दाव्यांसाठी मर्यादा १,७५,००० एसडीआर गुणिले प्रमाणपत्रावरची प्रवासी संख्या. १०० प्रवाशांची परवानगी असलेल्या जहाजासाठी १.७५ कोटी एसडीआर, म्हणजे २१० कोटी रुपये. प्रत्यक्षात १५० माणसं चढवली असली तरी गुणाकार १०० नेच होतो आणि वाटणी १५० जणांत. मात्र मालकाने स्वतः, हानी होण्याची शक्यता माहीत असूनही बेपर्वाईने वागून नुकसान ओढवलं असं सिद्ध झालं तर ही मर्यादा उडते. प्रमाणपत्रापेक्षा जास्त माणसं घेण्याचे आदेश कार्यालयातून येत होते, असा एखादा संदेश हाती लागला तर तो सगळ्या पुराव्यात मोलाचा. सारंगाची चूक मात्र इथे पुरत नाही. अंतर्देशीय नौकांसाठी २०२१ च्या कायद्यात मर्यादेची वेगळी तरतूद आहे.

युरोपातलं क्रूझ

इथे अथेन्स करार लागतो: १९७४ चा मूळ, २००२ चा सुधारित. युरोपीय संघाने तो आपल्या नियमाने ३१ डिसेंबर २०१२ पासून लागू केला. त्याच वर्षी १३ जानेवारीला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ जण गेले होते, म्हणजे त्या प्रवाशांना नवा नियम मिळालाच नाही. भारत या करारात नाही, पण त्याने तुमचं फार अडत नाही. जहाज सदस्य देशाच्या ध्वजाखाली असेल, तिकिटाचा करार तिथे झाला असेल किंवा प्रवास तिथे सुरू होत असेल अथवा संपत असेल, तर बार्सिलोनाहून निघालेल्या सोलापूरच्या प्रवाशालाही तो लागू.

करार अपघाताचे दोन प्रकार करतो. जहाज बुडणं, उलटणं, धडकणं, खडकावर चढणं, स्फोट, आग किंवा जहाजातला दोष, हा ‘जहाजाचा अपघात’. यात प्रत्येक प्रवाशामागे २,५०,००० एसडीआरपर्यंत (आपल्या दराने ३ कोटी) वाहकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. सुटका होते ती युद्धासारखी कारणं, टाळताच न येणारी असामान्य नैसर्गिक आपत्ती, किंवा त्रयस्थाने जाणूनबुजून पूर्णपणे घडवलेला प्रकार असेल तरच. त्यापुढे एकूण ४,००,००० एसडीआरपर्यंतही (४.८ कोटी) वाहक जबाबदार, आपली चूक नव्हती हे त्याने सिद्ध करायचं.

डेकवर घसरणं, जेवणातून विषबाधा, जिन्यावरून पडणं हे दुसऱ्या प्रकारात. इथे चूक तुम्ही सिद्ध करायची. बहुतेक प्रवाशांचे दावे याच प्रकारातले असल्याने पहिल्या दिवशीचे फोटो आणि फॉर्म इतके महत्त्वाचे. जिना झिजलेला होता म्हणून त्याला ‘जहाजातला दोष’ म्हणण्याचा मोह होतो. करारात तो शब्द सुटका, सुकाणू, इंजिन, नांगर, जहाजाची सुरक्षा अशा यंत्रणांपुरता आहे.

मुदत २ वर्षं, इजेसाठी जहाजावरून उतरल्याच्या दिवसापासून. प्रवासात मृत्यू झाला तर ज्या दिवशी उतरायचं होतं त्या दिवसापासून. उतरल्यावर त्याच इजेने मृत्यू झाला तर मृत्यूपासून २ वर्षं, पण उतरल्यापासून ३ वर्षांच्या पुढे नाही. तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. मुदतवाढ हवी तर वाहकाकडून लेखी घ्या.

केबिनमधल्या सामानाला २,२५० एसडीआरची मर्यादा. दिसणारं नुकसान उतरण्याआधी किंवा उतरताना लेखी कळवा, न दिसणारं १५ दिवसांत. दागिने आणि रोकड जहाजाच्या तिजोरीत रीतसर ठेवली नसेल तर वाहक जबाबदार नाही. मंगळसूत्र केबिनच्या कपाटात ठेवणं म्हणजे रीतसर ठेवणं नव्हे.

दोन सोयी मात्र मागितल्याशिवाय मिळत नाहीत. जहाजाच्या अपघातात, युरोपीय नियमाखाली, तातडीच्या गरजांसाठी हक्कदाराची ओळख पटल्यापासून १५ दिवसांत आगाऊ रक्कम. मृत्यू असेल तर किमान २१,००० युरो. ही रक्कम घेणं म्हणजे तडजोड नव्हे. दुसरी सोय विम्याची: वाहकाला प्रत्येक प्रवाशामागे २,५०,००० एसडीआरचा विमा सक्तीचा आहे आणि त्या मर्यादेत थेट विमादारावरही दावा लावता येतो. विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत कंपनीकडे मागा.

दावा सदस्य देशातच: वाहकाच्या मुख्य कार्यालयाच्या, किंवा प्रवास जिथे सुरू होतो अथवा संपतो त्या देशात. हक्क आधीच सोडून देणारी तिकिटातली अट निरर्थक ठरते.

अमेरिकेहून निघणारं क्रूझ

अमेरिका अथेन्स करारात नाही. इथे तिकीटच राज्य करतं. मोठ्या कंपन्यांच्या अटींत साधारण तीन गोष्टी असतात: इजेची लेखी सूचना ६ महिन्यांत, दावा १ वर्षात, आणि तोही फ्लोरिडातल्या ठरावीक न्यायालयात, बहुधा मायामीच्या संघीय न्यायालयात. इजा आणि मृत्यूसाठी याहून कमी मुदत घालायला तिथला कायदा मनाई करतो, म्हणून सगळेच जण कायद्याने दिलेल्या किमान मुदतीला चिकटून राहतात. जागेची अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कार्निव्हल विरुद्ध शूट खटल्यात वैध ठरवली. मेक्सिकोजवळ पडलेल्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्रवाशालाही फ्लोरिडातच जावं लागलं. सांगली-नाशिकच्या प्रवाशाला वेगळी वागणूक मिळेल अशी आशा नको.

मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले आई-वडील तिथून क्रूझला जातात, पडतात, परत येतात, शस्त्रक्रिया होते, फिजिओथेरपी होते आणि वर्ष निघून जातं. तिकीट मुलाने ऑनलाइन काढलेलं असतं, अटींना ‘मान्य’ म्हणून टिचकी मारलेली असते, आणि न वाचता मारली तरी ती बांधते. म्हणून घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सूचनेचं पत्र तिकिटात दिलेल्या पत्त्यावर कुरियरने पाठवा आणि पोच जपा. स्वागत कक्षात भरलेला फॉर्म हीच सूचना, असं धरू नका.

चूक सिद्ध करताना तिथे एक ठरलेला प्रश्न येतो: धोक्याची कंपनीला आधी कल्पना होती का, किंवा असायला हवी होती का? त्याच पायरीवर आधी कोणी पडलं होतं, ‘ओली फरशी’ची पाटी एरवी लावत आणि त्या दिवशी नव्हती, पाणी बराच वेळ साचलेलं होतं, असा पुरावा लागतो. बंदरावर उतरून केलेल्या सहलीतला अपघात आणखी अवघड, कारण ती बोट किंवा बस स्वतंत्र ठेकेदाराची असल्याचं तिकिटात लिहिलेलं असतं. खोल समुद्रात मृत्यू झाला तर तिथल्या कायद्याने वारसांना आर्थिक नुकसानच मिळतं. निवृत्त आजीच्या मृत्यूबद्दल दुःखाची भरपाई तिथे जवळजवळ नाही, हे कुटुंबाला आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

परदेशी जहाज मुंबईत आलं तर

परदेशी जहाज बॅलार्ड पिअरला लागणार असेल तर मुंबई उच्च न्यायालयातून ते अटकवून घेता येतं. जहाज चालवण्याशी थेट संबंध असलेली इजा आणि मृत्यू हे २०१७ च्या कायद्यातले सागरी दावे आहेत, आणि अशा दाव्याचा बोजा जहाजावर चढतो. वेतनाच्या दाव्यांनंतर दुसरा क्रम यांचाच. जहाज विकलं तरी बोजा त्याच्यासोबत जातो, पण साधारण एक वर्षाने तो विझतो. अर्जासोबत आयएमओ क्रमांक, जहाज येण्याची तारीख आणि दाव्याचा आकडा लागतो. अटक चुकीची ठरली तर नुकसान भरून देण्याची हमी न्यायालय मागू शकतं. लहान दाव्याला हा खर्च परवडत नाही.

तडजोडीचा कागद

बहुतेक प्रकरणं इथेच संपतात, म्हणून सहीआधी चार गोष्टी बघा. पैसे देणाऱ्या कंपनीचं नाव वाहकाचंच आहे का. ‘यापुढील सर्व ज्ञात-अज्ञात दावे’ सोडताना पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च रकमेत धरला आहे का. प्रवास विम्याने आधी दिलेले पैसे परत मागितले गेले तर ते कोण देणार. आणि दाव्यात अल्पवयीन मूल असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड त्या मुलाला टाळता येते. परवानगी घेऊनच करा, आणि मुलाची रक्कम त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकण्याचा आदेश त्याच वेळी मागून घ्या. परदेशातल्या वकिलाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते नोटरी करून, राज्याच्या प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) घ्यावं लागतं. याला वेळ जातो, म्हणून मुदतीच्या शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.